सीट, पोती आणि पाटे

विज्ञानकथांवरचे रोलप्लेइंग गेम रचणाऱ्या आपल्या मंडळींच्या तक्त्यांत लहान वाहनासमोर दोन आकडे हमखास असतात : प्रवासी इतके, माल इतका. वडूजच्या स्टँडबाहेर वडापची जीप भरताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे दोन रकाने वेगळे ठेवणे जड जाईल. तिथे पासिंग कितीचेही असो, ‘एकच सीट, एकच सीट’ म्हणत चौघांच्या बाकावर पाचवा बसतो. मांडीवरचे पोर सीट म्हणून धरत नाहीत. बाजाराचे गाठोडे मात्र पायाशी मावले नाही की सीट खाते. (खेळात हे शोभते. रस्त्यावर त्याची किंमत काय पडते, हे आपण बातम्यांत वाचतोच.)

मालाची गंमत याहून मोठी. खटाव तालुक्यातला बटाटा पिकअपमध्ये भरा : पोती फाळक्यापर्यंत यायच्या आत पाटे बसतात. त्याच गाडीत कडबा भरा : पेंढ्या केबिनच्या वर चढतात, दोर आवळून हात सोलतात, तरी पाट्यांना पत्ता नसतो. बटाट्यात वजन आधी संपते, कडब्यात जागा. १९७७ मध्ये आलेल्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळाने अंतराळजहाजांसाठी टन हे घनफळाचे माप धरले : एक टन द्रवरूप हायड्रोजनला लागणारी जागा, सुमारे १४ घनमीटर. इंधनाच्या टाक्यांनीच पोट भरणाऱ्या जहाजाला ते शोभते. चाकांच्या गाडीला तेवढ्याने भागत नाही.

त्यात ग्रह बदलला की हिशेबच फिरतो. १९७१ मध्ये अपोलो १५ ने चंद्रावर नेलेली रोव्हर स्वतः सुमारे २१० किलोची, पण माणसांसह ४९० किलोपर्यंत भार घेईल अशी केलेली. एक षष्ठांश गुरुत्वात सांगाड्यावरचा ताण घटतो. जडत्व मात्र तसूभरही घटत नाही आणि चाकांची पकड कमी होते. म्हणजे गाडी भार उचलते आणि वळणावर, ब्रेकला दगा देते. खेळ चालवणाऱ्याला याहून चांगला प्रसंग कोणता हवा?

म्हणून क्षमतेपुढे ‘बसत नाही’ असे लिहून मोकळे होऊ नका. अकरावी सीट बसेल. पण हवाबंद केबिनमध्ये हवा दहा जणांची आहे, ती किती तास आधी संपेल ते लिहा. पुढच्या अंकापासून आम्ही तक्त्यात प्रवासी, वजन, जागा आणि जादा भाराचे परिणाम असे चार रकाने छापणार आहोत. चौथा रिकामा असलेला तक्ता परत येईल.