पाताळगंगा नावाची अफवा

आमच्या अंबडकडे उन्हाळा लागला की दोन धंदे तेजीत येतात, टँकर आणि बोअर. पाणाडी तळहातावर नारळ घेऊन शेतभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं मशीन लागते. पाणाडी पायाळू असला तर विचारूच नका! सगळ्यांच्या डोक्यात चित्र एकच: खाली खोल कुठंतरी पाताळगंगा वाहतेय, फक्त तिथवर पोचायचं.

मला वाटतं, या चित्रानंच आपल्याला बुडवलंय. जालन्याखाली नदीबिदी नाही, काळा पाषाण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, एकावर एक. वरचा भाग झिजून मुरूम झाला. त्यात आणि खालच्या भेगांत पाणी राहतं. किती? मुरुमाच्या शंभर भागांत जेमतेम दोन-तीन भाग. म्हणजे एक सेंटिमीटर पाणी मुरलं की विहीर जवळपास अर्धा मीटर चढते, आणि उपसताना तितक्याच झपाट्यानं उतरते. पोळ्याला तुडुंब, होळीला तळ, ते यामुळं. त्याखाली घट्ट दगड. बोअरला एखादी भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसता धुरळा. आणि भेगेतलं पाणीही बहुधा वरच्या मुरुमातूनच उतरलेलं, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतलं. भेगांना गट नंबर कळत नाहीत.

२००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे. गावात पाचशे-सहाशे फुटांच्या खाली कोणी बोलत नाही. असो.

जालना तालुक्यातल्या कडवंचीनं १९९६ पासून बांधबंदिस्ती, चर, नाल्यांची कामं करून पाणी मुरवलं, पुढं द्राक्षं पिकवली. ते मला पटतं. शेततळ्यांचं मात्र अर्धंच पटतं. पावसाचं पाणी साठवलं तर उत्तम, पण प्लास्टिक अंथरून विहिरीचं पाणी उपसून त्यात भरायचं म्हणजे सगळ्यांचं, सावलीतलं पाणी वर आणून आपल्या एकट्याच्या नावावर उन्हात ठेवायचं.

हे सगळं आज लिहायचं कारण आमचा आतेभाऊ. २०१२-१३ च्या दुष्काळात त्याची मोसंबी वाळली, पुन्हा लावली. आता तीन बोअर कोरडे गेल्यावर चौथा घ्यायचा म्हणतोय. दादा, मशीनवाल्याला ॲडव्हान्स दिला नसशील तर आधी मला फोन कर. त्या पैशात विहिरीचा गाळ निघेल आणि वरच्या नाल्यावर बांधही होईल.