आमची कढई आणि परक्यांचें अरण्य

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या वर्गांत आम्ही इंडोनेशियाचा पाठ शिकवीत होतों. "निर्यात : रबर, कथील, पाम तेल," असें आम्हीं फळ्यावर लिहिलें, हींच अक्षरें आम्ही वीस वर्षें लिहीत आलों आहों. तोंच मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, "सर, तीं पामचीं झाडें लावण्यापूर्वीं तेथें काय होतें?" "अरण्य होतें," एवढें उत्तर देऊन आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलों. उत्तर खरें होतें. परंतु तास संपल्यावर आमचें आम्हांसच वाटलें कीं, जेथें थांबावयास हवें होतें तेथेंच आम्हीं घाई केली. त्या मुलीचें राहिलेलें उत्तर येथें देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

पामचें झाड मूळचें पश्चिम आफ्रिकेचें. इ. स. १८४८ मध्यें त्याचीं अवघीं चार रोपें जावा बेटावरील बोगोर येथील वनस्पति-उद्यानांत लावण्यांत आलीं. प्रथम तें शोभेचें झाड म्हणून वाढलें. १९११ च्या सुमारास सुमात्रा बेटांत त्याचे मळे उभे राहूं लागले. आणि आज जगांतील एकंदर पाम तेलापैकीं शेंकडा ८० हून अधिक तेल इंडोनेशिया व मलेशिया ह्या दोनच देशांतून येतें. ह्या झाडास बारमाही ऊब व भरपूर पाऊस लागतो. आणि ह्या दोन गोष्टी जेथें असतात, तेथेंच पृथ्वीवरील अत्यंत दाट अरण्यें उभीं असतात. मळा व अरण्य ह्यांची गांठ अशी एकाच भूमीवर पडते.

सुमात्रा व बोर्निओ येथें ही गोष्ट कशी घडली तें पाहावें. प्रथम मौल्यवान लांकडासाठीं रानांत रस्ता जातो. मग उरलेलें रान तोडून जाळलें जातें. पुष्कळ ठिकाणीं तेथील भूमि म्हणजे हजारों वर्षें पाण्यांत मुरत पडलेल्या पालापाचोळ्याचे थर होत. त्यांस पीट म्हणतात. चर खणून त्यांतील पाणी काढून टाकलें कीं ही भूमि वाळते, आणि एकदां पेटली म्हणजे पोटांतल्या पोटांत आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. २०१५ सालीं इंडोनेशियांत सुमारें २६ लाख हेक्टर भूमि जळाली. सर्वच आगी पामसाठीं लागल्या होत्या असें नव्हे. तथापि वाळविलेल्या पीटमुळें त्या आटोक्याबाहेर गेल्या. धूर समुद्र ओलांडून सिंगापूर व मलेशियांत पसरला, आणि तेथील शाळाही बंद ठेवाव्या लागल्या. 'ओरांग उटान' ह्या मलय शब्दांचा अर्थच 'वनांतला मनुष्य' असा आहे. सुमात्रांतील त्याची एक निराळी जाति शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं ओळखली. तेव्हां तिचे ८०० हून कमीच प्राणी शिल्लक उरले होते. ज्याचें बारसें नुकतें झालें, त्याच्याच मरणाची चिंता करावी, असा हा प्रसंग आहे.

पालक विचारतील, ह्या सर्वांशीं आमचा संबंध काय? संबंध असा कीं, जगांत सर्वांत अधिक पाम तेल विकत घेणारा देश भारत होय. आपणांस लागणाऱ्या खाद्य तेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें, आणि त्यांत पामचा वाटा फार मोठा असतो. आम्हीं मुलांस घरांतील पुड्यांवरचीं बारीक अक्षरें वाचून यादी करून आणावयास सांगितलें. बिस्किटें, फरसाण, नूडल्स, अंगाचा साबण अशा कितीतरी वस्तूंत तें तेल निघालें. "आमच्या घरीं पाम तेल येतच नाहीं," असें ठासून सांगणाऱ्या मुलाच्याच यादींत चार वस्तु होत्या. तेव्हां दूरच्या त्या अरण्यावर पडलेल्या कुऱ्हाडीच्या दांड्यास थोडा हात आमचाही लागला आहे, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु कबुली देतांच मन सोपा अपराधी शोधूं लागतें. कोणी म्हणतात, दोष त्या झाडाचा. हें बरोबर नाहीं. पामपासून हेक्टरमागें ३ टनांहून अधिक तेल मिळतें. सोयाबीनपासून अर्धा टनही मिळणें कठीण. पाम सोडून तेवढेंच तेल सोयाबीनचें घेऊं म्हटलें, तर कितीतरी पट अधिक भूमि लागेल. आणि ब्राझील देशांत सोयाबीनच्या शेतांसाठींही रानें मोडलीं गेलीं आहेत. कोणी म्हणतात, दोष तेथील शेतकऱ्याचा. परंतु इंडोनेशियांतील मळ्यांपैकीं फार मोठा भाग लहान शेतकऱ्यांचा आहे, आणि तेही त्याच उत्पन्नावर आपल्या मुलांस शाळेंत घालतात. दोष गरीब गिऱ्हाइकाचा म्हणावा, तर आमच्याच विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं स्वस्त तेल म्हणूनच चूल पेटल्यावर कढई चढते. त्यांस "हें तेल टाका" असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि आम्ही तें सांगणारही नाहीं.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें तो न विचारण्यांत आहे. वस्तु जेव्हां फार स्वस्त मिळते, तेव्हां तिची उरलेली किंमत बहुधा दुसऱ्या कोणी भरलेली असते. येथें ती अरण्यानें, वनचरांनीं व धुरांत कोंडलेल्या लेंकरांनीं भरली. विचारणारा भेटला म्हणजे व्यवहार बदलतो, ह्यास पुरावा आहे. इंडोनेशियानें २०११ सालीं मूळ अरण्यें व पीटभूमि ह्यांवर नवीन परवाने देणें थांबविलें, आणि २०१९ सालीं ती बंदी कायमची केली. मोठ्या गिऱ्हाइकांनींही तेलाचा उगम विचारण्यास आरंभ केला. आणि पामसाठीं होणारी अरण्यतोड पूर्वींपेक्षां पुष्कळ उतरली. ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या अरण्याच्या जागीं पिकलेला माल आपल्या बाजारांत येऊं नये, असा कायदा युरोपीय संघानें २०२३ सालीं केला. त्याचा अंमल मात्र पुढें ढकलण्यांत आला. सर्वांत मोठें गिऱ्हाईक आपण. आपण मात्र भाव विचारतों, गांव क्वचितच विचारतों.

हा प्रश्न आतां केवळ परक्यांचाही राहिलेला नाहीं. परदेशी तेलावरील भार कमी व्हावा म्हणून भारत सरकारनें २०२१ सालीं पामच्या लागवडीचें राष्ट्रीय अभियान सुरू केलें, आणि त्यांत ईशान्येकडील राज्यें व अंदमान ह्यांकडे विशेष लक्ष दिलें. हेतु चांगला आहे. परंतु त्या मुलीचा प्रश्न तेथेंही विचारला गेला पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडून आम्ही फार मोठी गोष्ट मागत नाहीं. पुडा उघडण्यापूर्वीं त्यावरील अक्षरें वाचा. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, ज्यांस परवडेल त्यांनीं आपल्या कोरडवाहू शेतांतील भुईमूग व करडई ह्यांच्या तेलास पुन्हां स्वयंपाकघरांत जागा द्यावी. आणि ज्यांस परवडत नाहीं, त्यांनीं पळीभर तेल कमी घातलें तरी प्रकृतीचें व अरण्याचें दोहोंचेंही हितच होईल.

आमच्यापुरतें म्हणाल, तर आम्हीं भूगोलाच्या वहींत एक नवा रकाना आंखावयास सांगितला आहे. 'निर्यात' ह्या रकान्याच्या शेजारीं आतां दुसरा रकाना असतो : 'तेथें पूर्वीं काय होतें?' वीस वर्षें आमचा फळा त्याच्यावांचून अपुरा होता. तो एका विद्यार्थिनीनें पुरा केला, हें आम्ही आनंदानें नमूद करितों.