बोली लावली, मग बोलणी का खायची?

लालबागच्या चाळीतली आमची एक मैत्रीण ब्लाउज-परकर शिवून घराला हातभार लावते. यंदा तिने एका ऑनलाइन लिलावात जुन्या ओव्हरलॉक मशीनवर बोली लावली. साडेअकरा हजारांना मशीन तिला लागलं. फोटोत चकचकीत, खाली ‘उत्तम चालू स्थितीत’ असं लिहिलेलं. खोक्यातून निघालं ते भलतंच धूड! वरून ताजा रंग, आत मोटर जळलेली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, ‘लिलावाचा माल परत घेत नसतात. आणि बाई, तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही कसल्या ग्राहक?’

ती माझ्याकडे आली तब्बल पंधरा दिवसांनी. घरी सांगायची लाज वाटत होती. शेवटी नवऱ्याला कळलंच. तो पहिलं काय म्हणाला, तर ‘नसते उद्योग करायला कोणी सांगितलं होतं?’ सासूबाईंचा दुजोरा होताच.

मैत्रिणींनो, मला खरा राग आला तो इथे. नवऱ्याचे पैसे शेअर बाजारात बुडाले की ते ‘नुकसान’, बायकोचे गेले की ‘मूर्खपणा’! असल्या विक्रेत्यांचं भांडवल हेच आहे. फसलेली बाई घरच्यांच्या धाकाने गप्प बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

चोरबाजारात वस्तू उलटीपालटी करून घेता येते. पडद्यावर विश्वास ठेवायचा तो फोटोवर आणि वर्णनावर. म्हणूनच 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, वर्णनाशी न जुळणारा किंवा सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. राहिला ‘धंद्याचा’ मुद्दा. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची ठरत नाही. 1993च्या दुरुस्तीपासून जुन्या कायद्यातही हे होतंच. म्हणजे आमची मैत्रीण ग्राहकच!

1975पासून चालणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात महिन्याचं सामान वाटून घेताना आम्ही बायका एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे कागद जपून ठेवायचा. एका शनिवारी आम्ही दोघी बसलो. जाहिरातीचा फोटो, बोलीची रक्कम, पैसे भरल्याचा पुरावा, विक्रेत्याचे निरोप, सगळ्याच्या प्रती काढल्या. गल्लीतल्या मेकॅनिककडून मोटर जळल्याचं लिहून घेतलं. सुदैवाने पैसे तिने साइटमार्फतच भरले होते. (ईबेच्या भारतातल्या साइटवर ‘पैसापे’ होतं, वस्तू मिळेपर्यंत पैसे मध्येच थांबत. ती साइट 2018मध्ये बंद झाली. पण थेट विक्रेत्याच्या खात्यात पैसे टाकू नयेत, हे आजही खरं.)

साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र पाठवलं. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पोच आली, पण सोबत ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ हे ठरलेलं उत्तरही आलं! मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या पत्रात लिहिलं की आता जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. विक्रेता परराज्यातला असला तरी ती राहते तिथेच, म्हणजे मुंबईत, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. अर्थात परळच्या पुरवठा भवनाच्या पायऱ्या मी पूर्वी एका तक्रारीसाठी चढले आहे. तिथे तारखांवर तारखा पडतात, हेही तिला आधीच सांगितलं. तरी ती म्हणाली, ‘ताई, पडू देत.’

आयोगात जावं लागलं नाही. सव्विसाव्या दिवशी साडेअकरा हजार खात्यात परत आले. विक्रेत्याचा माणूस मशीन उचलून घेऊन गेला. टेम्पो आणि मेकॅनिकचे नऊशे रुपये मात्र ‘धोरणात बसत नाहीत’ म्हणे. त्यासाठी तिसरं पत्र तिने एकटीने लिहिलंय. काल ते स्पीड पोस्टाने टाकायला गेला होता तिचा नवरा.