पॉइंट पंधरा व्होल्टचं कवतिक



पंधरा-वीस दिवस झाले, इथे काही लिहिलं नाही. कारण सांगितलं तर हसाल. मी भांडत होतो. तेही वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सख्ख्या भाच्याशी, आणि भांडणाचा विषय काय, तर खेळण्यातल्या मोटारीची बॅटरी! घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने लिहिलं, "मामा, तुम्ही बीए मराठी, ह्यात नका पडू." आता असं म्हटल्यावर मास्तर गप्प बसेल का? ग्रुपवर लांबलचक लिहिलं की सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात, म्हणून सविस्तर उत्तर इथे देतो.

आधी पार्श्वभूमी. आमचा नातू सातवीत. त्याच्याकडे रिमोटवर चालणारी मोटार आहे. जत्रेत मिळते तसली नव्हे. खऱ्या गाडीच्या एकास दहा मापाची, घरी खोलून पुन्हा जोडता येणारी. ती ह्याच पुण्याच्या भाच्याने दिली. त्याबद्दल त्याचे उपकारच आहेत, कारण पोरगं मोबाईल सोडून स्क्रू-ड्रायव्हर धरायला शिकलं. पण गाडीबरोबर त्याने एक वेडही दिलं. साधी लिथियम पॉलिमर नको, हायव्होल्टेजवालीच घे. नातवाने भाऊबीजेची ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे साठवून नागपूरच्या एका दुकानातून ती आणली. साध्या बॅटरीपेक्षा सातशे रुपये जास्त मोजून!

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आमची अकोल्याची ताई, आणि बहुतेक सगळेच) थोडक्यात सांगतो. साध्या लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. हायव्होल्टेजवाला ४.३५ पर्यंत भरता येतो. फरक ०.१५ व्होल्टचा. नातवाच्या गाडीत दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे ८.४ च्या जागी ८.७. टक्केवारी काढा. साडेतीनच्या आसपास येते. मोटर व्होल्टच्या प्रमाणात फिरते, तेव्हा ताशी ५० किलोमीटर धावणारी गाडी फार तर पावणेबावन्नने धावेल. भाचा म्हणतो, मामा, शक्ती व्होल्टच्या वर्गाप्रमाणे वाढते. बरं बाबा, साडेतीनाचे सात धर. पण तेही बॅटरी काठोकाठ भरलेली असताना. पहिल्या काही मिनिटांतच ते वरचं व्होल्टेज उतरतं आणि दोघी बहिणी जवळपास सारख्याच दिसायला लागतात.

बरं, ते साडेतीन टक्के तरी चाकापर्यंत पोचतात का? इथे मला आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक आठवतात. ते रजेवर गेले की त्यांचे तास माझ्या गळ्यात पडायचे, आणि आदल्या रात्री ते मला ओहमचा नियम शिकवायचे. तो अजून विसरलो नाही. प्रत्येक बॅटरीच्या पोटात तिचा स्वतःचा रोध असतो. गाडीने झटका मारून ४० अ‍ॅम्पिअर खेचले आणि पोटातला रोध १५ मिलिओहम असला, तर ०.६ व्होल्ट तिथेच गळाले. चांगल्या बॅटरीत तो ५ मिलिओहम असला तर गळती फक्त ०.२. म्हणजे चांगली साधी बॅटरी सुमार हायव्होल्टेजवालीपेक्षा ०.४ व्होल्टने वरचढ, आणि तुझं सगळं कवतिक कशाचं, तर ०.३ चं! डब्यावर मोठ्या अक्षरात छापलंय ते पाहायचं की पोटात काय आहे ते पाहायचं, हे मुलाला शिकवायचं सोडून तू त्याला लेबल वाचायला शिकवलंस.

एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो. तळहाताएवढे, एका सेलवर उडणारे ड्रोन असतात, त्यांना ही बॅटरी खरंच कामाची. तिथे ग्रॅमा-ग्रॅमाचा हिशोब असतो, आणि वजन न वाढवता थोडी जास्त ऊर्जा मिळाली तर उड्डाण लांबतं. पण जमिनीवर पळणाऱ्या, दीड-दोन किलोच्या गाडीला काय त्याचं? वीस मिनिटांची बावीस मिनिटं होतील. दोन मिनिटांनी पोराला आजी जेवायला हाक मारणारच आहे.

आता भाच्याचा हुकमाचा एक्का. "मामा, तुमच्या फोनमध्ये हीच बॅटरी आहे, तिची भीती नाही वाटत?" मी जुना फोन उघडून पाहिला. त्याच्या बॅटरीवर खरंच ४.४ व्होल्टची मर्यादा छापलेली आहे. शाबास! पण अर्धीच गोष्ट सांगितलीस. फोन आपली बॅटरी दिवसभर चमच्या-चमच्याने पितो. गाडी तेवढंच पाणी पंधरा-वीस मिनिटांत घागरीने ओढते, तेही हिसके देत. शिवाय फोनच्या बॅटरीला आतच रखवालदार असतो, जास्त भरली की बंद करणारा. गाडीच्या बॅटरीला असा कोणी नाही, नुसत्या तारा बाहेर काढलेल्या. सगळी भिस्त चार्जरवर, आणि चार्जर लावणाऱ्या पोरावर.

आणि नेमकं तिथेच झालं. मे महिना. वर्ध्याचा मे काय असतो ते पुण्यात बसून कळायचं नाही. पारा ४५ च्या वर, भिंतीला हात लावला तर चटका. ह्या बॅटऱ्या सहसा ४५ अंशांच्या वर भरू नयेत असं सांगितलेलं असतं. आमच्याकडे तर सावलीतच तेवढं असतं. नातवाकडे दोन बॅटऱ्या, एक जुनी साधी, एक नवी हायव्होल्टेजवाली. आकार तोच, प्लग तोच, तारांचे रंगसुद्धा तेच. चार्जरवर मात्र दोघींसाठी वेगळी निवड करावी लागते. पोराने नवीची निवड तशीच ठेवून जुनी लावली. एकदा नव्हे, दोन-तीनदा लावली असणार. दुपारी मी ओसरीवर डुलक्या घेत होतो, तर गोडूस, नेलपॉलिशसारखा वास आला. पाहतो तर बॅटरी पोट फुगवून बसलेली. शेजारी मोटर रिवाइंडिंग करतात ते धावत आले. "मास्तर, हे तं भाकरीवानी फुगली न बाप्पा! घर पेटवता काय?" आधी प्लग ओढला, मग चिमट्याने उचलून वाळूच्या घमेल्यात टाकली, वरून आणखी वाळू. काही झालं नाही. पण आमची ही त्या दिवशी जेवली नाही, आणि नातू रात्री माझ्याजवळ येऊन झोपला. "आबाजी, माझ्यामुळे घर जळलं असतं का?" काय सांगू?

भाचा म्हणतो, चूक मुलाची, बॅटरीची नाही. खरंय. पण बारा वर्षांच्या पोराच्या हातात, एका घरात, सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या ठेवून एकीत औषध आणि दुसरीत फिनेल भरलं, तर चूक कोणाची धरायची? माझा खरा आक्षेप हा आहे. साडेतीन टक्क्यांसाठी आपण घरात गोंधळायला एक नवी जागा तयार केली. आणि भीतीपोटी हायव्होल्टेजवालीही ४.२ पर्यंतच भरायची ठरवलं, तर ती बिचारी जास्त टिकते खरी, पण तिच्यावर छापलेल्या क्षमतेतला साधारण दहावा हिस्सा हातचा जातो. म्हणजे सातशे रुपये जास्त देऊन साधीच बॅटरी वापरायची.

ह्यावरून एक आठवलं. आमच्या गावात मगन संग्रहालय आहे, १९३८ सालचं. शाळेची सहल दरवर्षी तिथे न्यायचो, नाना तऱ्हेचे चरखे दाखवायला. चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. (त्या काळचे लाख, बरं का!) सूत किती निघालं पाहिजे हे अटींत होतंच. पण किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, बाईमाणसाला न थकता आठ तास चालवता आला पाहिजे, वीस वर्षं टिकला पाहिजे, दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये, हेही होतं. मी मुलांना ह्या अटी फळ्यावर लिहून द्यायचो आणि घरातल्या एखाद्या वस्तूला लावून पाहा म्हणायचो. एकाने शाळेची घंटा पास केली होती! तुझ्या बॅटरीला लावून पाहा जरा. वरच्या व्होल्टेजपर्यंत भरत राहिलं की आतलं रसायन लवकर झिजतं, आणि दुरुस्ती तर नाहीच.

आणि वेगच हवा असेल तर दुसरी वाट आहे की! मोटरच्या दांड्यावर वीस दात्यांचं चाक आहे, पिनियन म्हणतात त्याला. ते काढून एकवीस दात्यांचं बसवायचं. वेग पाच टक्क्यांनी वाढला, तोही बॅटरी संपेपर्यंत. मोटर थोडी जास्त तापेल, तर दर पाच मिनिटांनी थांबून बोट लावून पाहायचं. तुझ्या बॅटरीनेही ती तापतेच. हे नातवाने स्वतः वहीत मांडून काढलं, मी फक्त शेजारी बसलो होतो.

असो. फुगलेली बॅटरी अजून घमेल्यातच आहे. दुकानदार म्हणाला, "आम्ही परत नाही घेत." २०२२ साली केंद्राने बॅटरीच्या कचऱ्याचे नियम काढले, त्यात बॅटरी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर जबाबदारी टाकलेली आहे. पण माझ्या घमेल्यापासून त्यांच्या दारापर्यंत रस्ता कुठून जातो, हे कोणी वाचकाने सांगितलं तर उपकार होतील. विशेषतः नागपूर-वर्ध्याकडच्यांनी.

भाचा दिवाळीत येतोय. एकवीस दात्यांची आमची आणि हायव्होल्टेजवाली त्याची, अशा दोन्ही गाड्या शाळेच्या जुन्या मैदानावर सोडायचं ठरलंय. शंभर मीटर. घड्याळ मी धरणार म्हटल्यावर तो म्हणाला, "मामा, पंच तुम्ही नको." आता अकोल्याची ताई घड्याळ धरणार आहे.