कैदी सुटला की कुणाचं नुकसान होतं?

खासगी तुरुंग स्वस्त पडतो की सरकारी, यावर तासन्‌तास वाद घालता येतो. पण खरा प्रश्न वेगळाच आहे: कैदी सुटून घरी गेला की कुणाचं नुकसान होतं?

२०१२ साली 'करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका' या कंपनीने तिथल्या ४८ राज्यांना पत्र पाठवलं. तुमचे तुरुंग आम्ही विकत घेतो. तुम्ही २० वर्षांचा करार करा आणि तुरुंग किमान ९० टक्के भरलेला राहील इतके कैदी असल्याची हमी द्या. पुन्हा वाचा. हमी कंपनी देणार नव्हती, सरकारने द्यायची होती. गुन्हे कमी झाले तर?

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज बघतो: ज्या आकड्यावर पैसे मिळतात, तोच आकडा वाढतो. बग सोडवण्यामागे बक्षीस ठेवा, बग वाढतील. इथे पैसे मिळतात दर कैद्यामागे, दर दिवसाचे. कैदी सुधारला आणि परत आला नाही, तर गिऱ्हाईक गेलं. पहारेकरी कमी ठेवले, तर नफा.

२०१६ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्याच महानिरीक्षकांनी केंद्राच्या कंत्राटी तुरुंगांची सरकारी तुरुंगांशी तुलना केली. सुरक्षेच्या बहुतेक निकषांवर कंत्राटी तुरुंगांत दरडोई जास्त घटना घडल्या होत्या. ब्रिटनमध्ये जी४एस कंपनीकडे दिलेला बर्मिंगहॅमचा तुरुंग इतका हाताबाहेर गेला की २०१८ मध्ये सरकारला तो ताब्यात घ्यावा लागला.

"मग सरकारी तुरुंग काय स्वर्ग आहेत?" अजिबात नाहीत. न्यूयॉर्कचं बदनाम रायकर्स आयलंड सरकारीच आहे. आपल्याकडे २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार १०० जणांच्या जागेत १३१ कैदी होते आणि दर चारांतले तीन कच्चे कैदी. ही लाज कुठल्याही कंपनीची नाही, आपली आहे. पण सरकारसाठी ही गर्दी खर्च आहे, म्हणून ती कमी करायला निदान एक कारण उरतं. कंपनीसाठी तीच गर्दी उत्पन्न आहे.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये खासगी तुरुंगाचा कायदाच रद्द केला. स्वस्त-महाग हा मुद्दा बाजूला ठेवून न्यायालयाने माणसाचं स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांवर बोट ठेवलं. शिक्षा आपल्या सगळ्यांच्या नावाने दिली जाते. मग कुलपाची किल्लीही आपल्याच हातात हवी, आणि तिचा जाबही आपल्यालाच विचारला गेला पाहिजे.