जोर कमी झालेलं इंजिन घेऊन खाडीबाहेर पडू नका

आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत लहान आउटबोर्ड इंजिनावर होडी चालवणाऱ्या सगळ्यांना, मग ती जाळ्याची होडी असो वा पर्यटकांना फिरवणारी, ही कळकळीची विनंती आहे.

१ जूनला सुरू झालेली पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. नारळी पौर्णिमेच्या आसपास होड्या पाण्यात उतरतात. तोवर जाळी विणून होतात, होडीला रंग लागतो आणि इंजिन पिंपात बुडवून एकदा दोरी ओढून बघितलं जातं. सुरू झालं, की सगळे निर्धास्त. पण पिंपात इंजिनावर ओझं नसतं, त्यामुळे तिथे ते छानच चालतं. भरलेली होडी ओढायची वेळ आली की मगच कळतं, की ते दम धरत नाही. आणि ते कुठे कळतं? देवबागेला कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समोरून लाट येत असते, दोन्ही भिडून पाणी उभं राहतं. तिथे इंजिनाचा जोर गेला तर होडी लाटेला आडवी होते. पुढे काय होतं, ते या किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको.

म्हणून पहिली विनंती अशी. होडी भरून, खाडीच्या आत, शांत पाण्यात, निदान पंधरा-वीस मिनिटं पूर्ण रेसवर चालवून बघा. दोन मिनिटांच्या फेरीने काहीच कळत नाही. काही बिघाड दहा मिनिटांनंतरच तोंड दाखवतात.

इंजिन ओढत नाही असं वाटलं, तर प्लग काढण्याआधी कान द्या. रेस दिली की आवाज चढतो, इंजिन मोकळं फिरतं, पण होडी पुढे सरकत नाही? मग इंजिनाला हात लावू नका, पंख्याकडे बघा. पंख्याच्या मध्यभागी रबरी बुश असतो. पंखा दगडावर आपटला तर तेवढा बुश सुटावा आणि आतले गिअर वाचावेत, यासाठी तो बसवलेला असतो. तो झिजला की आतला दांडा फिरतो आणि पाती मागे राहतात. खात्री करायची असेल तर पंख्याच्या तोंडाशी, आतल्या आणि बाहेरच्या भागावरून सलग एक रंगाची रेघ मारा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन तुकडे वेगवेगळ्या जागी गेले असतील तर बुश घसरतोय. पंखा काढलाच आहे तर मागे गुंडाळलेली तंगूसही काढून टाका. ती तेलसील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर ते झालंय असं समजा.

याउलट रेस पूर्ण देऊनही आवाजच चढत नसेल, इंजिन घुसमटल्यासारखं चालत असेल, तर बहुतेक वेळा दोष पेट्रोलच्या वाटेवर असतो. सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला तर टाकीतून पेट्रोल निघतं, पण त्याच्या जागी हवा शिरत नाही. इंजिन थोडा वेळ चालतं आणि मग गळपटतं. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर दोष तिथेच आहे. एवढ्याशा स्क्रूपायी कार्बोरेटर खोलून बसलेली माणसं मी दरवर्षी बघतो.

त्यानंतर नळीवरचा रबरी बल्ब. चालत्या इंजिनावर तो चपटा होत असेल तर टाकीपासून बल्बपर्यंत कुठेतरी अडथळा आहे. बल्ब हाताने दाबत राहिलात आणि इंजिनाने पुन्हा जोर धरला, तर इंजिनावरचा पेट्रोलपंप तरी कमजोर झालाय किंवा नळीत कुठून तरी हवा शिरतेय. नळीची टोकं आणि जोडाच्या आतले रबरी वायसर बघा. उन्हाने आणि खाऱ्या हवेने ते तडकतात. अशा तडकलेल्या जागेतून पेट्रोल बाहेर गळतच असं नाही, पण हवा आत ओढली जाते. बल्बची ही तपासणी दोघांनी करा, एकाने सुकाणू धरावं आणि दुसऱ्याने बल्ब.

आता पेट्रोलविषयी, कारण गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच झालाय. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांच्या माहितीपुस्तकात मर्यादा १० टक्क्यांची दिलेली आहे. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचा, किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि आपली हवा पावसाळ्यात कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्या पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंजिनाची नळी ओढते ते तळाचंच. टू-स्ट्रोक इंजिनात धोका दुप्पट असतो, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि तळाच्या थरात जवळजवळ नसतंच. म्हणजे इंजिनाचा जोर तर जातोच, शिवाय पिस्टन कोरडा घासला जातो.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर दिसला, मधे सरळ रेघ उमटली, तर ते पेट्रोल इंजिनाला देऊ नका. वर ताजं पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. हे काम मोकळ्या हवेत करा, आणि जवळपास विडी-काडी पेटवू देऊ नका. जूनच्या आधीचं उरलेलं पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरू नका, एवढं तरी पाळा. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, मान्य आहे. पण पिस्टन आणि सिलेंडरचा खर्च त्याच्या कितीतरी पट येतो.

टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलचं प्रमाण ५० ला १ असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिलि लागतं. ते मापाने घाला, अंदाजाने नको. आणि ऑइल बोटीचंच हवं, डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं. मोटारसायकलचं टू-स्ट्रोक ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं.

इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर सतत नजर असू द्या. पावसानंतर खाडीत पिशव्या, पालापाचोळा, गाळ सगळंच वाहत येतं. इंजिनात पाणी घेणाऱ्या जाळीवर एक पिशवी बसली तरी पाणी आत जायचं थांबतं. वाळूच्या पाण्यात चालवून पाण्याच्या पंपाच्या रबरी पात्या झिजतात, त्यांनाही दरवर्षी बघून घ्या. काही नवी इंजिनं तापली की स्वतःहून रेस कमी करतात आणि भोंगा वाजवतात. अशा वेळी जोर कमी होणं हा बिघाड नसून इंजिनाने स्वतःला वाचवणं असतं. भोंग्याची वायर काढून टाकणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना हात जोडून विनंती, ती वायर आजच परत जोडा.

आणखी एक सवय सोडा, आणि ही मला सगळ्यात जास्त सलते. इंजिन कमी पडलं की हात आपोआप रेसवर जातो. पेट्रोल कमी पोचत असताना टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण रेसवर चालवलं तर ते जास्त तापतं आणि काही मिनिटांत पकडून बसतं. जोर गेला की रेस उतरवा, होडीचं तोंड किनाऱ्याकडे करा आणि आत येऊनच काय ते शोधा. भाडं किंवा मासळी एका दिवसाने बुडेल, बुडू द्या.

पर्यटकांच्या होडीवाल्यांना वेगळं सांगतो. पाण्याखाली राहणारा तळ शेवाळाने आणि शिंपल्यांनी भरला असेल, किंवा ठरल्यापेक्षा चार माणसं जास्त बसवली असतील, तर चांगलं इंजिनही कमी पडतं. आधी तळ घासा, माणसं मोजा, मग मेकॅनिकला बोलवा.

प्रत्येक होडीत दोन वल्ही, पुरेशा दोरीचा नांगर, जादा प्लग, प्लगपाना आणि सगळ्यांना पुरतील इतकी लाइफ जॅकेट ठेवा. इंजिन बंद पडलं की पहिल्यांदा नांगर टाका, म्हणजे ओहोटी तुम्हाला बाहेर ओढून नेणार नाही. मग फोन करा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. हे दोन्ही आकडे होडीच्या आतल्या फळीवर रंगाने लिहा. ओल्या खिशातला फोन चालेलच असं नाही, आणि दुसऱ्याच्या फोनवरून लावायची वेळ आली तर आकडे डोळ्यांसमोर हवेत.

होड्या उतरण्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक वाडीने एक सकाळ यासाठी काढावी. भरतीच्या वेळी सगळ्या होड्या खाडीत एकत्र चालवाव्यात, जाणत्यांनी नवख्यांची इंजिनं ऐकावीत, आणि ज्या होडीचा जोर कमी वाटेल तिला त्या दिवशी बाहेर जाऊ देऊ नये. मालक रागावला तरी चालेल.