हृदयरोग्याची वही

हृदयाचा जोर कमी होणें या विकारास मराठींत ‘हृदय निकामी होणें’ असा शब्द रूढ झाला आहे. ज्या कोणीं तो रूढ केला त्यानें रोग्यांचें व त्यांच्या आप्तांचें मोठेंच अकल्याण केलें, असें आमचें मत आहे. तो शब्द कानीं पडतांच घरांत रडारड सुरू होते आणि रोग्यास अंथरुणाशीं जखडून टाकण्यांत येतें. वस्तुतः हृदय बंद पडलेलें नसतें. तें दुबळें किंवा ताठर झालेलें असतें. रक्त पुढें लोटण्याचें काम उणें पडलें म्हणजे मूत्रपिंडें मीठ व पाणी धरून ठेवूं लागतात. तें पाणी पायांत व फुप्फुसांत साचतें. घोटे सुजतात, जिना चढतांना धाप लागते, आणि पुढें पुढें आडवें पडलें कीं जीव घुसमटतो.

डॉक्टर रोग्यास महिना-दोन महिन्यांतून एकदां, तोही पाव तास, पाहतात. मधल्या सर्व दिवसांत त्याची काळजी घेणारा खरा माणूस तो स्वतःच. परंतु आमच्या एकत्र कुटुंबांत होतें काय? सूनबाई गोळ्या काढून हातावर ठेवतात, नातू औषधें आणतो, आणि दवाखान्यांत ‘आजोबा, कसें वाटतें?’ या प्रश्नाचें उत्तर थोरले चिरंजीव देतात! आजोबांस आपल्या गोळीचें नांवही ठाऊक नसतें. हें सर्व प्रेमापोटीं घडतें, यांत शंका नाहीं. पण ज्यानें उभा जन्म घराचा जमाखर्च पाहिला, त्यास स्वतःच्या देहाचा हिशेब ठेवतां येणार नाहीं असें कां मानावें? सूनबाई चार दिवस माहेरीं गेल्या म्हणजे या व्यवस्थेचा पाया किती कच्चा आहे तें दिसतें.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, रोग्याच्या हातीं एक वही द्यावी व घरांत वजनाचा कांटा आणावा. रोज सकाळीं लघवीस जाऊन आल्यावर, कांहीं खाण्यापिण्यापूर्वीं, सारख्याच कपड्यांत वजन करून तें तारखेसह लिहावें. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ दिसली तर ती मेदाची नव्हे, पाण्याची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि इतक्या झपाट्यानें कोणी लठ्ठ होत नाहीं. ‘प्रकृति सुधारली’ म्हणून पेढे वांटण्याऐवजीं त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. सूज डोळ्यांस दिसण्यापूर्वींच कांटा ती सांगतो, हा त्याचा मोठा उपयोग.

आतां मिठाविषयीं. येथें आमच्या स्वयंपाकघराची खरी परीक्षा आहे. दिवसाला एकूण पांच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, याहून अधिक मीठ पोटांत जाऊं नये. लोणचें, पापड, सांडगी मिरची हीं तर उघड शत्रु. पापडखार व खाण्याचा सोडा यांतही सोडियमच असतें, हें मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. उपवासाचें सैंधव निरुपद्रवी असल्याची समजूतही सोडून द्यावी. पावित्र्य कसेंही असो, रसायनदृष्ट्या तें मीठच. ‘कमी सोडियमचें’ म्हणून विकलें जाणारें मीठ तर डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊंच नये. त्यांत बहुधा पोटॅशियम असतें, आणि या रोगाच्या कांहीं औषधांबरोबर तें रक्तांत वाढून हृदयाचे ठोके बिघडवूं शकतें. रोग्यासाठीं निराळें पातेलें चढविण्याची मात्र गरज नाहीं. पानांत प्रथम मीठ वाढण्याचा आपला रिवाज येथें कामास येतो: आमटी-भाजी सर्वांचीच बेताच्या मिठाची करावी, ज्यास उणें वाटेल त्यानें पानांतलें घ्यावें. पाण्यावरील बंधन सर्वांसच नसतें. ज्यास घातलें असेल त्यानें चहा, ताक, आमटी हींही मोजावींत.

हें सर्व आजोबांना उद्देशून लिहिलें, पण रोगी घरची कर्ती बाई असेल तर? ती सर्वांच्या मागून जेवते, उरलें तें खाते, आणि धाप लागली तर ‘वयानें होतें’ म्हणून ओट्याशीं उभी राहते. तिचा आहार ठरविणारें घरांत कोणीच नसतें, कारण तो ठरविणारी तीच. अशा घरांत तिची वही पुरुषांनीं आठवड्यातून एकदां तरी मागून पाहावी, आणि पाटा-वरवंटा, जड बादल्या यांतून तिला सोडवावें. तिनें तक्रार केली नाहीं हें ती बरी असल्याचें प्रमाण नव्हे.

औषधांबाबत एकच आग्रह धरतों. बरें वाटूं लागलें म्हणून गोळ्या सोडूं नयेत. बरें वाटतें तें बहुधा गोळ्यांमुळेंच. लग्नास किंवा प्रवासास निघतांना लघवीची गोळी टाळण्याची खोड फार जणांस आहे. ती टाळण्यापेक्षां तिची वेळ बदलतां येईल काय, हें डॉक्टरांस विचारावें. गुडघे दुखतात म्हणून दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, शरीरांत पाणी सांचवितात. विश्रांतीचा अतिरेकही नको. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या, २३३१ रोग्यांवरील एका चांचणींत, प्रकृति स्थिर असलेल्यांस बेतानें व्यायाम करविणें सुरक्षित ठरलें. डॉक्टरांच्या अनुमतीनें, बोलतां येईल इतक्या चालीनें, देवळापर्यंत जाऊन यावें.

एका उशीवर झोंपणाऱ्यास दोन लागूं लागल्या, मध्यरात्रीं धाप लागून उठून बसावें लागलें, किंवा रोजची वहाण आवळूं लागली, तर तेंही वहींत लिहावें व त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. बसल्या जागीं दम लागला, छातींत दुखलें, घेरी आली, तर मात्र वही बाजूस ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तो आंकडा व डॉक्टरांचा दूरध्वनि वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवावा.